राम सुतारांचं एकच काम निवडायचं झालं तर?

सांजसावली (धागाकर्ती)

शिल्पकार राम सुतारांचं नाव काढलं की समोरचा लगेच आकडा सांगतो: १८२ मीटर. केवडिया, सरदार पटेल, ३१ ऑक्टोबर २०१८, जगातला सर्वांत उंच पुतळा. झालं, विषय संपला.

धुळ्याजवळच्या गोंदूर गावात १९२५ साली सुताराच्या घरी जन्मलेला मुलगा. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतून १९५३ ला मेयो पदक घेऊन बाहेर पडला, १९५४ ते ५८ पुरातत्त्व खात्यात अजिंठा-वेरूळच्या मूर्तींच्या डागडुजीवर होता, मग दिल्लीत माहिती खात्याची नोकरी धरली आणि वर्षभरात सोडूनही दिली. तिथून पुढे सहा दशकं फक्त शिल्पं. पद्मश्री १९९९, पद्मभूषण २०१६, २०२४ चा महाराष्ट्र भूषण. आणि एवढ्या कामाचा निकाल आपण मीटरपट्टी लावून देतो.

तर प्रश्न असा: त्यांचं एकच काम निवडायचं झालं तर कोणतं निवडाल, आणि का? अट एकच, उंची हे कारण चालणार नाही.

माझं मत संसदेच्या आवारातल्या बसलेल्या गांधींना. १६ फुटी ब्राँझ, २ ऑक्टोबर १९९३ ला अनावरण झालं. मान किंचित झुकलेली, स्वतःत बुडालेला माणूस. आजूबाजूला एवढा गदारोळ असताना त्याचं कुणाकडेच लक्ष नाही, हे मला फार आवडतं.

टवाळ

देशातली सगळ्यात जास्त आंदोलनं पाहिलेला पुतळा. बिचाऱ्याला सभात्यागही करता येत नाही.

बाराभाई

@टवाळ, २०२४ ला तिथून हलवून आवारातल्याच प्रेरणास्थळावर नेला की.

टवाळ

म्हणजे झाला म्हणायचा सभात्याग.

खान्देशकन्या

आमना धुयाना माणूस शे, भो! त्यामुळे मी निःपक्षपाती नाही, आधीच सांगते.

लोकांना १८२ मीटर माहीत असतं, पण श्रीराम कृष्ण जोशी हे नाव माहीत नसतं. धुळ्यातले हे गुरुजी. गावातल्या पोराच्या हातात काय आहे ते त्यांनी ओळखलं आणि त्याला जे. जे. ची वाट दाखवली. घरात वडिलांची करवत-रंधा होताच, म्हणजे हत्यार धरायचं कसं हे शिकवावं लागलं नसणार. पण हत्यार धरणं आणि मुंबईला जाऊन चित्रकला-शिल्पकलेचं रीतसर शिक्षण घेणं यात मोठं अंतर आहे, आणि त्या काळात ते अंतर कुणीतरी बोट धरूनच पार करून द्यावं लागायचं.

माझं मत गांधींच्या अर्धपुतळ्याला. जगभरात शेकडो शहरांत तो पोचलाय. कुठल्या तरी परक्या देशात बागेतून चाललोय आणि समोर गांधी, आणि तो घडवणारा गोंदूरचा, हे सुख वेगळंच.

मृद्गंध

धागा चांगला आहे, पण मी विरुद्ध बाजूने बोलणार.

सुतारांच्या कसबाबद्दल शंका नाही. प्रश्न असा आहे की त्या कामात सुतार कुठे आहेत? रामकिंकर बैज यांनी १९३८ ला शांतिनिकेतनात 'संथाल फॅमिली' केलं, सिमेंट आणि मुरूम कालवून. बाजारभावाने अगदी फालतू सामान. पण ते खरखरीत अंग, ती चालण्याची घाई, ते दुसऱ्या कुणाचं असूच शकत नाही. मृणालिनी मुखर्जींनी दोरखंडाच्या गाठी मारून देव उभे केले. हिम्मत शाह यांची भाजक्या मातीची डोकी बघा, नाक-डोळे जवळजवळ नाहीतच, तरी ती बघत असतात.

सुतारांचा गांधी बघून गांधी कळतो, सुतार कळत नाहीत. नेत्याचा फोटो द्या, हुबेहूब पुतळा घ्या. याला मी व्यवसाय म्हणेन. सचोटीचा, उत्तम व्यवसाय. पण एकच काम निवडा म्हणाल तर माझा हात अडखळतो.

मीच_तो

आला, कलासमीक्षक आला. धागा आता शंभरी गाठणार.

ओतारी

@मृद्गंध, 'फोटो द्या, पुतळा घ्या' हे वाक्य आमच्या भट्टीवर येऊन म्हणून दाखवा.

मी ओतकामातला माणूस. शिल्पकार नाही, पण शिल्पकारांचं काम रोज हाताखालून जातं. हुबेहूब म्हणजे काय ते सांगतो. फोटो सपाट असतो. त्यात कान किती मागे आहे, गालाचं हाड कुठे वळतं, मानेचा खळगा किती खोल आहे, यातलं काहीच नसतं. माती लावणाऱ्याला ते शरीरशास्त्रावरून आणि अंदाजाने भरून काढावं लागतं. बरं, सगळं मापात आलं तरी चेहरा मेलेला दिसू शकतो. असे शेकडो पुतळे आपल्या चौकाचौकांत आहेत. सगळं जिथल्या तिथे आणि माणूस गायब.

डोळ्याचंच घ्या. पुतळ्याला काळं बुबुळ रंगवता येत नाही. म्हणून बाहुलीच्या जागी खड्डा कोरतात, म्हणजे तिथे सावली पडते आणि लांबून काळं दिसतं. पण नुसता खड्डा केला तर डोळा पोकळ वाटतो. मग त्या खड्ड्याच्या वरच्या कडेला एक बारीकसा उंचवटा सोडतात. त्यावर उजेड पडतो आणि नजर जिवंत होते. हा उंचवटा अर्धा सूत इकडे-तिकडे झाला की नेता तिरळा. साच्यातून मेण काढताना सगळ्यात जास्त भीती मला त्या एका ठिपक्याची असते.

पुढची साखळीही लांब आहे. लोखंडी सांगाड्यावर माती, मातीवरून प्लास्टरचा साचा, त्यातून प्लास्टर किंवा फायबरची प्रत, प्रतीवरून परत साचा, आत मेणाचा थर, मेणाला रनर-रायझर (रस आत जायच्या आणि हवा बाहेर पडायच्या नळ्या), वरून लेप, मग भाजून मेण काढायचं आणि त्या पोकळीत रस ओतायचा. ८५ टक्के तांबं, बाकी कथील, जस्त, शिसं पाच-पाच टक्के, हे नेहमीचं प्रमाण. थंड झाल्यावर तुकडे वेल्डिंगने जोडायचे, सांधे घासून नाहीसे करायचे, शेवटी रसायन आणि ज्योतीने रंग चढवायचा. प्रत्येक टप्प्यावर थोडा चेहरा हरवतो. सुतारांचे चेहरे एवढ्या पायऱ्या उतरूनही टिकतात, कारण मूळ मातीच तेवढी पक्की असते.

रेवा_प

ओतारी, या डोळ्यांवर वेगळा धागा काढाच. आता दिसेल त्या पुतळ्याचे डोळे तपासत फिरणार.

सांजसावली

+१. प्रतिसाद वाखूत (वाचनखुणांत) साठवला.

लोखंडीकांब

उंची चालणार नाही म्हणालात, तरी उंचीबद्दल चार ओळी लिहितोच. स्थापत्य अभियंता आहे, राहवत नाही.

केवडियाच्या पुतळ्याची गंमत उंचीत कमी आणि पायात जास्त आहे. उंच पुतळ्यांना शक्यतो घेरदार झगा, अंगरखा किंवा रुंद बैठक देतात, म्हणजे बुंधा रुंद राहतो. पटेल धोतर नेसलेले, पायात चपला, आणि चालण्याच्या पवित्र्यात. म्हणजे खांद्याशी रुंद आणि घोट्याशी निमुळता. दोन पायांत फट. आमच्या शास्त्राच्या दृष्टीने हा उलटा कारभार. दोन्ही पायांतून काँक्रीटचे दोन गाभे वर नेले आहेत, आणि वाऱ्याने डोलणं आवरायला आत अडीचशे टनांचे दोन डँपर बसवले आहेत. शिल्पकाराने चपला दिल्या नसत्या तर आमच्या लोकांची झोप उडाली नसती.

पण चपला हव्याच होत्या, नाही का? पटेलांना बूट घातले असते तर कुणी ओळखलं असतं?

भुईनळा

जाऊन आलोय. लिफ्टने छातीतल्या गॅलरीत नेतात, १५३ मीटरवर. जाळीतून नर्मदा आणि धरण दिसतं. पुतळा मात्र दिसत नाही, कारण आपण त्याच्याच आत असतो!

मला भावली ती खालची जागा. पावलांपाशी उभं राहता येतं. अंगठ्याचं नख माझ्यापेक्षा मोठं. चपलेचा पट्टा, धोतराच्या चुण्या, ब्राँझच्या पत्र्यांचे सांधे, सगळं हाताच्या अंतरावर. वर मान केली तर चेहरा आखूड दिसतो. बायको म्हणाली, "एवढ्या लांबून आलो आणि नख बघून चाललो."

मृद्गंध

@लोखंडीकांब, @भुईनळा, तुम्ही दोघांनी माझाच मुद्दा पक्का केलात. तिथे सुतारांचा हात कुठे लागला? तीन फुटी, अठरा फुटी आणि तीस फुटी नमुने केले. तिसऱ्याचं थ्री-डी स्कॅन झालं. त्यावरून ब्राँझचे पत्रे चीनमधल्या ओतशाळेत तयार झाले, बांधकाम एल अँड टीचं. शिल्पकार तीस फुटांवर थांबला, पुढचे साडेपाचशे फूट संगणकाचे.

ओतारी

तीन फुटांचे १८२ मीटर म्हणजे जवळजवळ दोनशे पट. छोट्या नमुन्यात ओठाच्या कोपऱ्याला एक मिलिमीटर चुकला तर वर वीस सेंटिमीटरची चूक. संगणक चूकही इमानदारीने मोठी करतो, दुरुस्त करत नाही. म्हणून तर मधले टप्पे केले.

आणि शिल्पकार स्वतः किती घण मारतो यावरच मोजायचं तर युरोपातले निम्मे थोर शिल्पकार बाद होतील. संगमरवर कापायला त्यांच्याकडेही कारागीर असत.

तळकोकणी

आमका उंचीचा सांगू नका, आमी पडलेलो पुतळो बघितलो हा.

मालवणच्या राजकोट किल्ल्यावरचा शिवरायांचा पुतळा ४ डिसेंबर २०२३ ला उभा राहिला आणि २६ ऑगस्ट २०२४ ला कोसळला. त्या दिवशी गावात काय वाटलं ते इथे लिहीत नाही. त्यानंतर नव्या पुतळ्याचं काम सुतारांच्या संस्थेकडे गेलं. साठ फुटी ब्राँझ, ११ मे २०२५ ला मुख्यमंत्र्यांनी पूजा केली. त्यात कला किती, व्यवसाय किती हा हिशोब तुम्ही करा. समुद्रावरचा वारा काय चीज आहे ते आम्हाला माहीत आहे. त्या वाऱ्यात जो उभा राहतो त्याला आम्ही चांगला पुतळा म्हणतो. माझं मत त्याला.

बाराभाई

पहिला पुतळा का पडला, कुणी घाईघाईत...

*(पुढील मजकूर संपादित)*

संपादक मंडळ

धागा शिल्पकलेचा आहे. राजकीय प्रतिसाद उडवले जातील. एक उडवला आहे.

टवाळ

उडवला म्हणजे किती मीटर?

वाटसरू७

अवांतर: हुबेहूब कामाला नाकं मुरडणाऱ्यांनी एकदा अलिबागजवळ सासवण्याला जावं. शिल्पकार वि. पां. उर्फ नानासाहेब करमरकरांचं घर आणि संग्रहालय आहे. अंगणात सिमेंटची म्हैस बसली आहे. गावातली कुणाची तरी सुटून आली असावी असंच वाटतं, पाठीवर हात फिरवल्यावर खरं कळतं. करमरकरांनीही पुतळे केलेच की, पुण्यातला १९२८ चा अश्वारूढ शिवाजी त्यांचाच. म्हणजे मागणीवरचं काम आणि मनातलं काम दोन्ही एकाच हाताने होतं. त्याआधी म्हात्र्यांची 'मंदिरपथगामिनी', १८९६ ची. साडीच्या निऱ्या प्लास्टरच्या आहेत हे डोळ्यांना पटत नाही. सुतार त्याच घराण्यातले. महाराष्ट्राची ही परंपरा आहे, तिला कमी का लेखायचं?

रेवा_प

सासवण्याची म्हैस!! आमची मुलं तिच्यावर बसून फोटो काढा म्हणत होती. (नाही बसवलं, शपथ.)

मृद्गंध

@वाटसरू७, मी नेमकं तेच म्हणतोय. करमरकरांनी म्हैस केली. कुणी मागितली नव्हती. सुतारांची म्हैस कुठे आहे?

मीच_तो

हा धाग्याचा सर्वोत्तम प्रश्न. 'सुतारांची म्हैस कुठे आहे?'

खान्देशकन्या

अयोध्येतली लता मंगेशकर चौकातली वीणा आहे की. चाळीस फुटी, चौदा टनांची, २०२२ ची. तिला चेहरा नाही, धोतर नाही.

मृद्गंध

तीही मागणीवरचीच. आणि माफ करा, वीणेसारखी वीणा.

अश्वमेघ

माझं मत कुरुक्षेत्राच्या ब्रह्मसरोवरावरच्या कृष्णार्जुन रथाला. घोड्यांसाठी. नेत्याच्या चेहऱ्यात शिल्पकाराचे हात बांधलेले असतात, घोड्याच्या मानेत नसतात. तिथे हा माणूस मोकळा सुटलाय.

चंबळखोरे

बरेच दिवस वाचनमात्र होतो, म्हशीच्या प्रश्नावर लिहावंच लागलं.

सुतारांची म्हैस गांधीसागर धरणावर आहे.

नोकरीच्या निमित्ताने त्या भागात राहिलोय. चंबळ नदीवरचं हे धरण मध्य प्रदेशात मंदसौर जिल्ह्यात येतं, १९६० ला पुरं झालं. तिथे चंबळदेवीचं शिल्प आहे, ४५ फुटी. नदी म्हणजे आई, आणि तिच्या अंगाशी दोन मुलं. एक मध्य प्रदेश, एक राजस्थान. चंबळच्या पाण्यात दोघांचा वाटा, म्हणून दोन भाऊ. विषय सरकारीच आहे, मान्य. पण ते केलंय कसं ते ऐका. तिथे ना ब्राँझ, ना साचा. काँक्रीटचा एक अखंड ठोकळा उभा केला आणि छिन्नी-हातोडीने त्यातून देवी बाहेर काढली. स्वतः. तिशीतला, नुकतीच नोकरी सोडलेला माणूस.

जवळ गेलं की छिन्नीच्या धारेचे पट्टे वाचता येतात. दगडाला रवा असतो, तो कुठे फुटेल याचा अंदाज बांधता येतो. काँक्रीटमध्ये खडी असते. छिन्नी खडीवर आदळली की अख्खा खडा निसटतो आणि तिथे खड्डा पडतो. त्यामुळे नाजूक बोटं, दागिन्यांचं नक्षीकाम, पापण्या, असले लाड करताच येत नाहीत. मोठे सपाट पैलू, ठसठशीत वळणं, एवढंच हातात राहतं. सुतारांच्या नंतरच्या कामात जो बारकावा आहे, शालीची सुरकुतीन् सुरकुती, तो इथे अजिबात नाही. आणि म्हणूनच ती देवी कुणाचीच नक्कल वाटत नाही. मोजून चेहरा जुळवायला समोर फोटोच नव्हता.

माझा एक तर्क आहे, पटला तर घ्या. त्याच्या आधीची चार वर्षं हा माणूस अजिंठा-वेरुळात होता. अखंड खडकातून वरून खाली कोरत आणलेलं कैलास रोज बघितल्यावर काँक्रीटच्या ठोकळ्याची भीती वाटली नसणार.

ओतारी

काँक्रीटवर छिन्नी. बाप रे. ब्राँझमध्ये चुकलं तर परत वितळवता येतं. तिथे चुकलं तर देवीला नाक नाही.

मृद्गंध

फोटो शोधून बघितले. हे वेगळं आहे, खरंच वेगळं आहे. वेरूळचा तर्क जरा रोमँटिक वाटतो, पण असो.

मग तर प्रश्न आणखी टोकदार होतो. ज्याने तिशीत हे केलं त्याने पुढची साठ वर्षं असं पुन्हा का केलं नाही?

चंबळखोरे

कारण कुणी पैसे दिले नाहीत.

चंबळदेवी बघून नेहरू खूश झाले. भाक्रा धरणावर खपलेल्या मजुरांचं स्मारक करा, पन्नास फुटी, ब्राँझमध्ये, असं त्यांनीच सांगितलं. सुतारांनी कल्पना तयार केली. निधी नाही म्हणून ते राहून गेलं. नेत्याच्या पुतळ्याला आपल्याकडे पैसा कधी कमी पडल्याचं आठवतंय का? बंगळूरच्या विमानतळावर केंपेगौडा १०८ फुटांचे, नुसती तलवार चार टनांची. इंदू मिलमध्ये बाबासाहेब साडेतीनशे फुटांचे. माझा या माणसांबद्दलचा आदर कुणाहून कमी नाही. पण आपल्या देशात मोठ्या शिल्पाला एकच गिऱ्हाईक आहे, आणि त्या गिऱ्हाइकाला चेहरा हवा असतो. मजुराला चेहरा नसतो, म्हणून त्याचा पुतळा नमुन्यातच राहतो.

मृद्गंध, तुम्ही रामकिंकरांचं नाव घेतलंत. त्यांच्या पाठीशी शांतिनिकेतन होतं. खडी-मुरूम कालवून काहीही करा म्हणणारी जागा. दिल्लीत नोकरी सोडून संसार चालवणाऱ्याच्या पाठीशी फक्त पुढची ऑर्डर असते.

लोखंडीकांब

हे पटलं. निविदेत 'शिल्पकाराच्या मनात येईल ते' असा रकाना नसतो.

मृद्गंध

अर्धं पटलं. गिऱ्हाईक एकच होतं हे खरं, पण रात्री स्वतःच्या स्टुडिओत फूटभर माती घेऊन बसायला कुणाच्या निविदेची गरज नसते. सोमनाथ होर यांची ब्राँझं हातात मावतील एवढी आहेत.

वाटसरू७

@मृद्गंध, दिवसभर माती मळल्यावर रात्री परत माती? माणूस आहे की कुंभाराचं चाक?

आणि आपणही गिऱ्हाईकच आहोत हे विसरू नका. मुंबईत हाजीअलीला पिलू पोचखानवालांचं 'स्पार्क' हे शिल्प होतं. आता तिथे नाही. कितीजणांनी विचारलं कुठे गेलं म्हणून? नेत्याच्या पुतळ्याला ओरखडा उठला तर गाव बंद होतं.

खान्देशकन्या

तरी मी अर्धपुतळ्यावर ठाम. ज्यांना गांधीसागरला जाणं होणार नाही त्यांच्यापर्यंत तोच पोचणार.

सांजसावली

माझं मत बदलते. संसदेतला गांधी दुसऱ्या क्रमांकावर, चंबळदेवी पहिली. भाक्राचं स्मारक झालं असतं तर कदाचित ते.

@चंबळखोरे, मे महिन्यात उज्जैनला जायचं आहे. तिथून गांधीसागर एका दिवसात होईल का?

चंबळखोरे

मे मध्ये त्या भागात मरायला होतं, ऊन भयंकर. पावसाळा ओसरल्यावर या. धावपळ करू नका, भानपुऱ्याला मुक्काम करा, तिथून जवळ पडतं. आणि एवढं आलात तर चतुर्भुज नाल्यातली भित्तिचित्रंही बघा, गांधीसागर अभयारण्यातच आहेत. खडकाच्या आडोशाला लांबच लांब ओळीने प्राणी आणि शिकारी काढलेत.

टवाळ

ती कुणाच्या निविदेतली?